गोळीने बीपी खाली आला, आता गोळी सोडता येईल का?

अंबड_तिसरी_पाळी विचारतात:

नमस्कार मंडळी. वडील ५६ वर्षांचे, वजन ८१ किलो, उंची ५ फूट ६ इंच. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत कामाला, तीन पाळ्या आळीपाळीने. शुगर नाही, सिगारेट नाही, जेवणानंतर तंबाखूची चिमूट असते. महिनाभराच्या अंतराने दवाखान्यात बीपी १५२/९६ आणि १५६/९४ निघाला. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ एकत्र असलेली एक गोळी रोज दिली आहे. आज २४ वा दिवस.

घरच्या मशीनवर आता १२६/८० च्या आसपास येतो, पण मध्येच कधी १४८ दाखवतो. संध्याकाळी दोन्ही घोट्यांवर थोडी सूज असते, मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ उठतो. त्यांचं म्हणणं एकच: आकडा बरोबर आला ना, मग गोळी बंद, मीठ कमी करतो आणि चालायला जातो.

हे चालेल का? सूज गोळीचीच आहे का? मीठ कमी म्हणजे नक्की किती, आणि सैंधव वापरलं तर? शिवाय दर आठवड्याला पाळी बदलते, मग गोळी कोणत्या वेळेला घ्यायची?

---

पाऱ्याची_पट्टी:

आधी त्या १४८ चा निकाल लावा. माप चुकीचं असेल तर गोळी वाढवणंही चूक आणि सोडणंही चूक.

शिंप्याची टेप घेऊन खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. मशीनबरोबर येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो, पट्ट्यावर तसं छापलेलं असतं. दंड त्याहून जाड असेल तर आखूड पट्टा खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो, फक्त त्याच मशीनसाठीचा बघून घ्या. मनगटावरची मशीन घेऊ नका.

शर्टाची बाही गुंडाळून वर सरकवतात, तिथेही फसगत होते, कारण ती गुंडाळीच दंडाला आवळते. सरळ हात बाहीतून बाहेर काढा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या खळगीपासून दोन बोटं वर हवी. खुर्चीला पाठ टेकलेली, दोन्ही तळवे जमिनीवर, पायावर पाय नाही. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या उंचीला येईल. पलंगाच्या कडेला बसून हात मांडीवर ठेवून मोजला तर आकडा चढतो, कारण हात हृदयाच्या खाली जातो. आधी लघवीला जाऊन यायचं. चहा, तंबाखू, जिना यांतलं काहीही अर्ध्या तासात झालेलं नको. पाच मिनिटं गप्प बसायचं आणि मशीन फुगत असताना "किती आला?" असंही विचारायचं नाही, बोलण्यानेसुद्धा आकडा वाढतो.

पहिल्या दिवशी दोन्ही हात मोजा, ज्या हाताचा जास्त येईल तोच पुढे कायम ठेवा. मग सात दिवस, उठल्यावर गोळीच्या आधी दोनदा आणि रात्रीच्या जेवणाआधी दोनदा, दोन मापांत एक मिनिट अंतर. तिसरी पाळी असेल तेव्हा "सकाळ" म्हणजे झोपून उठल्यानंतरची वेळ, घड्याळातली नव्हे. पहिल्या दिवसाचे आकडे बाजूला टाका. उरतात २४, त्यांची सरासरी काढा. आवडलेला आकडा वहीत आणि नावडलेला "मशीन बिघडली" म्हणून सोडून दिलेला, असं करू नका. घरच्या मोजणीत १३५/८५ म्हणजे दवाखान्यातला १४०/९० समजा. गोळी चालू असताना बहुतेक डॉक्टर १३०/८० च्या खाली ठेवू बघतात.

आता मुख्य प्रश्न. १२६/८० हा गोळी पोटात असतानाचा आकडा आहे, वडिलांचा स्वतःचा नाही. अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून निम्मं कमी व्हायलाच ३० ते ५० तास लागतात. म्हणून गोळी सोडल्यावर दोन-तीन दिवस आकडा तसाच राहतो आणि माणूस म्हणतो, बघा, काही झालं नाही. नंतर एक-दोन आठवड्यांत तो हळूहळू पहिल्या जागी जातो. दुखत काहीच नाही, त्यामुळे कळतही नाही.

गोळी कधीच कमी होत नाही असं मात्र नाही. एक किलो वजन उतरलं की वरचा आकडा ढोबळमानाने एक पॉइंट उतरतो. त्यांच्या उंचीला ७० किलोच्या आसपास वजन योग्य, म्हणजे १०-११ किलोंना वाव आहे. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं (बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही असा वेग) आणि मीठ कमी, दोन्हींचे काही पॉइंट वेगळे. कृषीनगरच्या ट्रॅकवर गप्पा मारत घातलेल्या फेऱ्या मी यात धरत नाही. या सगळ्याने घरची सरासरी ११० च्या आसपास स्थिरावली किंवा उठताना चक्कर येऊ लागली, की डॉक्टर डोस कमी करतात आणि पुन्हा चार आठवडे मोजायला सांगतात. आधी सवयी मुरू द्या, गोळीला हात नंतर. वडील नेमकं उलट करायला निघालेत.

---

काउंटरच्या_आतून:

सूज बहुधा अ‍ॅम्लोडिपिनची. हे औषध बारीक धमन्या सैल करतं, पण परत जाणाऱ्या शिरा तितक्या सैल होत नाहीत. मधल्या केशवाहिन्यांवर दाब येतो आणि पाणी बाहेर, घोट्याभोवती झिरपतं. अंगात जादा पाणी साचलंय असं नव्हे, म्हणून शेजारीपाजारी सुचवतात ती लघवीची गोळी इथे फारशी कामाची नाही. ५ मिलिग्रॅमला सूज कमी, १० ला जास्त. टेल्मिसार्टन शिराही सैल करतं, म्हणून जोडगोळीत सूज थोडी आवरते. तरी त्रास असेल तर डॉक्टर अ‍ॅम्लोडिपिन २.५ वर आणतात किंवा औषध बदलतात. पण सूज एकाच पायाला असेल, पोटरी दुखत किंवा लाल असेल, आडवं झाल्यावर धाप लागत असेल, तर तो गोळीचा विषय नाही. त्याच दिवशी दाखवा.

टेल्मिसार्टन सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम तपासायचं असतं. २४ दिवस झाले, तपासणी झाली का ते बघा. क्रिएटिनिन आधीच्यापेक्षा ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर सहसा चालवून घेतात, त्यापुढे नाही. पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर लगेच डॉक्टरांना फोन. जुलाब-उलट्या लागल्या तर त्या दिवसाची गोळी घ्यायची की थांबवायची हेही त्यांनाच विचारा, अंगातलं पाणी कमी असताना हे औषध मूत्रपिंडाला जड जातं.

स्ट्रिपवरच्या नावाची शेपटी वाचायला शिका. त्याच नावापुढे 'एएम' असेल तर जोडीला अ‍ॅम्लोडिपिन, 'एच' असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवीवाटे मीठ काढणारं औषध. घाईत एकाच्या जागी दुसरी स्ट्रिप हातात पडते आणि रंग सारखा असला तर घरी महिनाभर कळत नाही. जनऔषधी केंद्रातून घेतलीत तरी चालेल, पण घटक आणि मिलिग्रॅम दोन्ही जुळवून घ्या.

---

मिठाचा_डबा:

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा, आणि त्यात सगळं आलं. "आम्ही वरून मीठ घेत नाही" याला मोजमाप म्हणत नाहीत. पुड्यावर पेनाने उघडल्याची तारीख लिहा. चार माणसांना ५ ग्रॅमप्रमाणे दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे एक किलोचा पुडा ५० दिवस. पण लोणचं, पाव, फरसाण, बाहेरचं खाणं यांतलं मीठ या पुड्यातून येत नाही, म्हणून पुडा ७० दिवस तरी पुरायला हवा. तीस दिवसांत संपत असेल तर भांडण तिथेच संपलं.

सैंधव, काळं मीठ, खडेमीठ ही सगळी मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रंग आणि वास वेगळा, बीपीला फरक शून्य. कमी सोडियमवालं मीठ खरोखर वेगळं असतं, त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतो. चीनमधल्या ६०० खेड्यांत अशा मिठावर मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये निकाल आला, पक्षाघात कमी झाले. मात्र तुमच्या वडिलांना टेल्मिसार्टन चालू आहे आणि ते स्वतःच पोटॅशियम धरून ठेवतं. रिपोर्ट बघून डॉक्टर हो म्हणेपर्यंत हे मीठ नको.

आता चोरवाटा. कैरीच्या लोणच्यात वजनाच्या दहा ते पंधरा टक्के मीठ असतं, एक फोड आणि खार मिळून १५ ग्रॅम ताटात पडलं की दीड-दोन ग्रॅम मीठ गेलं. पापडात मीठ तर असतंच, वर पापडखारातूनही सोडियम येतं. जळजळीवर घेतात तो खायचा सोडा: एका चमच्यात जवळपास ३ ग्रॅम मिठाइतकं सोडियम, आणि चवीला खारट नाही म्हणून कुणी हिशेबात धरत नाही. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहितात, त्याला अडीचने गुणलं की मीठ. चिवड्याच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ८०० असेल तर २ ग्रॅम मीठ.

मिसळ बंद करा असं नाशिककराला सांगून काही होत नाही. पंधरा दिवसांतून एकदा खा, फरसाण निम्मं आणि मोड आलेली मटकी दुप्पट घ्या, पापड परत पाठवा, रस्सा दुसऱ्यांदा मागू नका. घरी भाजी उतरवताना लिंबू पिळलं, जिरं-लसणाची फोडणी जरा सढळ केली की मिठाची उणीव कमी जाणवते. एकदम निम्मं करू नका, ताट परत येईल. दर आठवड्याला थोडं उतरवा, महिना-दीड महिन्यात जीभ बसते.

वाईन हृदयाला चांगली ही आपल्या गावातली लाडकी समजूत आहे. दारू कोणतीही असो, बीपी वाढवते.

---

अंबड_तिसरी_पाळी:

फार उपयोग झाला. दंडाचा घेर ३४ निघाला, म्हणजे पट्टा आखूडच होता. आणखी थोडं: आईने सात कप्प्यांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या काढून ठेवल्यात, ते बरोबर ना? गुडघा दुखला की वडील दुखण्याची गोळी घेतात, खोकल्याला ज्येष्ठमधाचा काढा. आणि कुणी तरी सांगितलं की या गोळीवर द्राक्षं चालत नाहीत. आमच्याकडे निफाडहून पेट्या येतात.

---

काउंटरच्या_आतून:

डबी लगेच रिकामी करा. टेल्मिसार्टन हवेतला ओलावा शोषतं, गोळी मऊ पडते, कडा भुसभुशीत होतात. घ्यायच्या क्षणापर्यंत ती पन्नीतच राहिली पाहिजे. डबी हवीच असेल तर स्ट्रिप कात्रीने कापून पन्नीसकट एकेक गोळी ठेवा.

गुडघ्याची गोळी कोणती ते बघा. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब यांनी बीपी चढतो आणि टेल्मिसार्टनबरोबर मूत्रपिंडावर ताण येतो. लघवीची गोळीही चालू असेल तर तिन्ही मिळून प्रकरण फारच वाईट. तात्पुरतं पॅरासिटामॉल बरं, तेही पाण्यात विरघळणारी फसफसती गोळी नको, तिच्यात सोडियम भरपूर. सर्दीच्या गोळीत फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन नाही ना, ते विचारून घ्या. ज्येष्ठमध रोज आणि बरेच दिवस घेतलं तर अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, बीपी वाढतो, पोटॅशियम उतरतं. एखादा दिवस ठीक, पण काढ्याचा रतीब नको.

द्राक्षं खुशाल खाऊ द्या. गोंधळ इंग्रजी नावाचा आहे: ग्रेपफ्रूट हे लिंबाच्या जातीचं, पपनसाच्या घराण्यातलं फळ, द्राक्षाशी त्याचा संबंध नाही. ग्रेपफ्रूटमुळे याच गटातलं फेलोडिपिन रक्तात बरंच वाढतं, अ‍ॅम्लोडिपिनवर परिणाम किरकोळ. तरी पपनसाचा रोज ग्लासभर रस नको.

---

पाऱ्याची_पट्टी:

मोठा पट्टा आल्यावर सात दिवसांची मोजणी नव्याने करा, जुने आकडे त्यात मिसळू नका.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी होतो तेव्हा रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी थोडा चढतो, एप्रिल-मेमध्ये उतरतो. उन्हाळ्यात उभं राहताना अंधारी आली तर बसून मोजा, मग उभं राहून एका आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. वरचा आकडा २० ने पडत असेल तर कळवा. ऋतू बदलला म्हणून डोस स्वतः हलवू नका.

कधी १८०/१२० च्या वर दिसला तर आधी पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजा. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं, बोलणं अडखळणं, हातापायातली शक्ती जाणं यांतलं काहीही असेल तर १०८. काहीच लक्षण नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, पण जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडण्याचा जुना उद्योग करू नका. दाब एकदम कोसळून पक्षाघात होऊ शकतो. आणि घोरणं मोठं असेल, मध्येच श्वास अडकत असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, बीपी दाद न देण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

गोळीच्या वेळेचं राहिलंच. ब्रिटनमध्ये २१ हजारांवर रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (निकाल २०२२) सकाळी घेतली काय नि रात्री घेतली काय, हृदयविकार आणि पक्षाघाताच्या प्रमाणात फरक दिसला नाही. फक्त वेळ एकच हवी. ७, ३ आणि ११ च्या पाळ्या धरल्या तर दुपारी अडीचला माणूस तिन्हींत जागा असतो: पहिल्या पाळीत सुटायच्या बेतात, दुसरीत घरून निघताना, तिसरीत झोपून उठलेला. मोबाइलला अडीचचा गजर लावा. विसरली तर त्या दिवशी आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी दोन एकदम नाही. पहिल्या पाळीच्या आठवड्यात एक गोळी, पन्नीसकट कापलेली, डब्याच्या पिशवीत.