बाबांचं ऑक्सिजन ९० वरच, फ्लो वाढवू का?

लालबागकर: बाबांना सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे, घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन) मिनिटाला २ लिटरवर चालू, पण ऑक्सिमीटर ९० च्या वर जातच नाही, आई घाबरलीय, म्हणते ४ कर, करू का?

परळची आरटी (रेस्पिरेटरी थेरपिस्ट): मनाने नका वाढवू प्लीज! सीओपीडीत बहुतेकदा ८८ ते ९२ हेच टार्गेट असतं, गरजेपेक्षा जास्त दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो आणि पेशंट गुंगीत जातो. सकाळी डोकं दुखतं का, दिवसा सारखी झोप येते का बघा, असेल तर लगेच हॉस्पिटल गाठा.

डोंबिवलीची ताई: आणि त्या खोलीत समई-उदबत्ती नकोच, ऑक्सिजनजवळ आग फार पटकन भडकते.

लालबागकर: देवघर तिथेच आहे, समई आत्ता हलवतो. डॉक्टरांनाही फोन लावतो.