घरी जाऊन रुग्णसेवा : भेटीला जाणाऱ्यांनी अनुभव लिहा

बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात प्रभू येशूने सहा जण मोजून दाखवले: भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, बंदिवान. सेवा कशी करायची ते तिथे लिहिलेलं नाही, आणि मंडळ्यांचं घोडं नेमकं तिथेच अडतं. हा धागा फक्त पाचव्यासाठी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जे जातात त्यांनी लिहावं. सेवा करून किती धन्य वाटलं ते नको. काय करता, किती करता आणि कुठे बिघडतं, तेवढं लिहा.

भेटींची यादी सांभाळणारी

आधी फोन, मग भेट. दोघांनी जावं, चौघांनी नाही. वीस मिनिटं पुरेत. रुग्ण दाराकडे बघू लागायच्या आधीच उठायचं. सर्दी-खोकला असेल तर फोनवरच विचारपूस करा. आत गेल्यावर आणि निघताना साबणाने २० सेकंद हात धुवायचे. न विचारता पलंगावर बसू नका. खुर्ची ओढून नजर समोरासमोर येईल असं बसा, नाहीतर आडव्या माणसाला मान ताणून बोलावं लागतं.

"प्रार्थना करू का?" असं विचारा, आणि "नको" म्हणाले तर मुकाट्याने ऐका. प्रार्थना दोन मिनिटांची. खरा घोळ होतो तो घरी परतल्यावर. "अमुक भाऊंसाठी प्रार्थना करा, रिपोर्ट चांगला नाही" असा निरोप गटावर पडतो आणि बापाचा आजार मुलाला तिथून कळतो. प्रार्थनेच्या विनंतीच्या नावाखाली मंडळीत जेवढ्या गोष्टी फुटतात, तेवढ्या चहाटळकीतून फुटत नसतील. आजाराचं नाव, हॉस्पिटल, पैशांची ओढाताण, यातलं काहीही रुग्णाच्या परवानगीशिवाय सांगू नये. "एका आजारी बांधवासाठी" एवढं पुरतं. नाव देवाला माहीत आहे.

घरी जाऊन शुश्रूषा करणारी परिचारिका

वरच्या ताईंना अनुमोदन. मी बेडसोअरबद्दल, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांबद्दल लिहिते, कारण घरच्या शुश्रूषेत सगळ्यात जास्त हाल त्याने होतात आणि बरेचसे टाळता येतात.

स्वतःहून हलता न येणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. पूर्ण कुशीवर नाही. पाठीमागे उशी लावून ३० अंश कलतं ठेवा, म्हणजे भार माकडहाडावरही येत नाही आणि खुब्याच्या हाडावरही नाही. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. टाचेखाली उशी ठेवतात ते चूक. उशी पोटरीखाली लांब ठेवा आणि टाच अधांतरी राहू द्या.

लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर जखमेची सुरुवात झाली समजा आणि त्या भागावर अजिबात भार येऊ देऊ नका. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, म्हणून हाताची पाठ लावून बघा: आजूबाजूपेक्षा जागा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते का. अशा जागी तेल चोळणं हा सगळ्यात प्रेमळ आणि सगळ्यात घातक उपाय. आतली दुखावलेली पेशी त्याने आणखी फाटते. मधे भोक असलेली गोल गादीही नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा तुटतो.

माणसाला वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका. खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी दुहेरी चादर त्याच्याखाली घाला, दोन्ही बाजूंनी दोघांनी गुंडाळून धरा आणि उचलून सरकवा. "मी एकटीच करते, देव बळ देतो" म्हणणाऱ्या भगिनींच्या कंबरा जातात आणि रुग्णाची कातडी सोलते.

गिळण्याच्या त्रासावर काम करणारी

वरच्या प्रतिसादात एक भर. डोकं ३० अंशांपेक्षा जास्त उचललेलं राहिलं की माणूस घसरत खाली येतो आणि कातडी घासते. पण भरवताना मात्र जितकं ताठ बसवता येईल तितकं बसवायलाच हवं. मेळ असा घाला: जेवताना आणि नंतर अर्धा तास बसवा, मग खाली घ्या.

लहान चमचा, तोही अर्धा. हनुवटी किंचित खाली. गळ्यावरची घाटी वर जाऊन खाली आली म्हणजे घास गेला. ते दिसल्याशिवाय पुढचा चमचा नाही. गिळल्यावर आवाज ओला, घुरघुरता आला किंवा खोकला लागला तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) वेळी हेच विसरलं जातं. कोरडा तुकडा घशाला चिकटतो. आधी पाण्याने तोंड ओलं करून घ्या, तुकडा कणाएवढा ठेवा. कॅथलिक नियमांत गरज पडल्यास नुसत्या द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद (हेच प्रभुभोजन) देण्याची मुभा आहे, फादरांना आधी सांगून ठेवा. दारू सोडलेला माणूस असेल तर तेही कानावर घाला.

शेवटच्या दिवसांत भूक मरते. तेव्हा कोंबू नका. ओल्या मऊ ब्रशने तोंड पुसणं, ओठांना मलम लावणं हेच तेव्हाचं जेवण.

पायांच्या जखमा बघणारा

योहान १३, म्हणजे येशूने शिष्यांचे पाय धुतले तो अध्याय वाचून पाय धुण्याचा विधी आपण दरवर्षी करतो आणि त्याला लोक घरून पाय धुऊनच येतात. खरे धुवायचे पाय वेगळे असतात.

कुष्ठरोगात बोटं 'सडून झडतात' हा गैरसमज अजून आहे. शल्यविशारद पॉल ब्रँड १९४६मध्ये वेल्लोरला गेले. त्यांच्या कामातून ठसलं ते असं, की नुकसान होतं वेदना कळत नसल्यामुळे. खडा टोचतो, चटका बसतो, माणूस त्यावरच चालत राहतो. म्हणून रोज तळवा बघायचा, खाली आरसा धरून. बुटात हात घालून खिळा-खडा चाचपायचा. कुष्ठरोगाने कोरड्या पडलेल्या पायाला साध्या पाण्यात २० मिनिटं भिजवणं, जाड कातडी खरखरीत दगडाने हलकेच घासणं आणि ओल्यावरच तेल लावणं हे चालतं, पण उघडी जखम नसेल तरच.

हेच मधुमेहाच्या पायाला करू नका. तिथे भिजवणं, घासणं दोन्ही वर्ज्य. धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, बेचक्यांत मलम नको. दोन्हींत पाणी कोमटाहून गरम नको, आणि ते धुणाऱ्याने आपल्या कोपराने तपासायचं, रुग्णाला विचारून नाही.

खजिनदार

बायबलातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय ६. विधवांच्या रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या दुर्लक्षित राहिल्या, कुरकुर झाली, तेव्हा सात जण नेमले गेले. माया होती, व्यवस्था नव्हती. औषधांचे पैसे थेट दुकानात भरा, पावती घ्या, दोन सह्या घ्या, वहीत नावाऐवजी क्रमांक लिहा. उपासनेला येतो का, ही अट नको. येशूच्या दाखल्यात वाटेवरच्या जखमीला उचलून नेणाऱ्या शोमरोनीने उतारशाळेत दोन दीनार आगाऊ दिले, वर लागेल ते परत येताना देईन म्हणाला, आणि जखमीला जात विचारली नाही. फोटो तर अजिबात नको.

रात्री सोबत बसणारी

"काही लागलं तर सांगा" हे वाक्य बंद करा, कोणी सांगत नाही. "मंगळवारी तीन ते सहा मी बसते, तुम्ही झोपा" असं म्हणा. बसणाऱ्यासाठी एक पानी कागद: औषधांच्या वेळा, दुखतं तेव्हा रुग्ण काय करतो, शेवटची लघवी-संडास कधी झाली, रात्री कोणाला फोन करायचा. घरच्यांनी काढून ठेवलेली गोळीच द्यायची; डोस आपल्या मनाने ना वाढवायचा ना टाळायचा.

टाळण्याचा मोह श्रद्धेपोटी होतो, म्हणून लिहिते. दुखणं सोसणं म्हणजे क्रूस उचलणं, असं मानून काही जण वेदनाशामक नाकारतात. सिसिली सॉन्डर्स स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती. परिचारिका, समाजसेविका आणि मग डॉक्टर झालेल्या या बाईंनी १९६७मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांचं शुश्रूषागृह सुरू केलं. कळ उठायची वाट न बघता घड्याळ लावून औषध द्या, हा त्यांचा आग्रह. शरीर, मन, घरदार आणि आत्मा यांचं दुखणं मिळून एकच वेदना होते, असं त्या म्हणत. पहिलं शमल्याशिवाय बाकीच्यांवर बोलणंच होत नाही.

"देवाची इच्छा" हे शब्द तुम्ही उच्चारू नका. रुग्ण म्हणाला तर ऐका. बायबलातल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री गप्प बसले तोवर सगळं ठीक होतं.

साहित्याची पेढी चालवणारा

दफनविधीनंतर भेटी एकदम आटतात. एक महिना, तीन महिने आणि वर्ष, या तारखा त्याच दिवशी वहीत लिहा.

उसना दिलेला पलंग आणि हवेची गादी लगेच मागू नका, घरच्यांना विचारून दिवस ठरवा. आणलेलं सामान साबणपाण्याने, मग जंतुनाशकाने पुसून पूर्ण वाळवा; ओली गादी घडी करून ठेवली की बुरशी धरते. पुढच्या घरी बसवल्यावर रुग्ण झोपलेला असताना त्याच्या माकडहाडाच्या बरोबर खाली, गादीच्या तळाशी, तळहात वर करून घाला. मधे इंचभर हवा लागत नसेल तर दाब कमी आहे: पंप वाढवा, नळी पिळली गेली का बघा.