कोलीन वाढलं म्हणजे ट्यूमरच?

या चर्चेत दोघांनी लिहिलंय की मेंदूच्या एमआर स्पेक्ट्रोस्कोपीत (एमआरआय मशीनवर मेंदूतली रसायनं मोजून आलेख काढणारी तपासणी) कोलीन हे रसायन वाढलेलं दिसलं की ट्यूमर पक्का, मग बायोप्सी कशाला? इतकं सरळ नाही हो ते.

आलेखात प्रत्येक रसायनाचं टोक ठरावीक जागी येतं, ती जागा पीपीएममध्ये सांगतात. ३.२ पीपीएमजवळचं कोलीन पेशींच्या आवरणांची उलाढाल वाढलीय एवढंच सांगतं. २.० चा एनएए (एन-ॲसिटाइल ॲस्पार्टेट) निरोगी न्यूरॉनचा, ग्लायोमात (मेंदूच्या ट्यूमरचा एक प्रकार) तो घसरतो. पण मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (मज्जातंतूंचं आवरण खराब होणारा आजार, ट्यूमर नव्हे) ताज्या चट्ट्यातही कोलीन वर आणि एनएए खाली दिसू शकतं. आपल्याकडे भरीला ट्युबरक्युलोमा, म्हणजे टीबीची गाठ! त्यात लिपिडचं (चरबीचं) टोक ठळक, पण ग्लायोब्लास्टोमाच्या (ग्लायोमाचा आक्रमक प्रकार) मेलेल्या भागातही लिपिड असतंच.

खरी गंमत २-हायड्रॉक्सीग्लुटारेट या रसायनाची. आयडीएच जनुकात ठरावीक बदल झालेल्या ग्लायोमात हे भरमसाट साठतं, निरोगी मेंदूत जेमतेम असतं. म्हणजे कवटी न उघडता जनुकीय बदलाचा सुगावा! २०१२ च्या सुमारास रुग्णांमध्ये ते स्कॅनवर मोजून दाखवलं गेलं. अडचण अशी की त्याचं २.२५ चं टोक ग्लुटामेट, ग्लुटामाइन या शेजारच्या रसायनांच्या गर्दीत बुडतं. ३ टेस्लाच्या (चुंबकाची ताकद) मशीनवर साधारण ९७ मिलिसेकंदांचा एको टाइम (सिग्नल टिपण्याआधी थांबायची वेळ) ठेवून ते वेगळं काढतात. नेहमीच्या सेटिंगवर ते नीट सापडेल अशी अपेक्षा नको, आणि छोट्या गाठीत तर चकवतंच.

रिपोर्टमधला आलेख बघताना एको टाइम आधी बघा. १३५-१४४ मिलिसेकंदांना १.३ पीपीएमजवळचं जोडटोक उलटं, खाली लटकलेलं दिसलं तर ते लॅक्टेट. आणि मोजणीचा चौकोन (ज्या भागाचा आलेख काढतात तो) कवटीच्या हाडाला खेटून ठेवला असेल, तर तिथली चरबीच सगळा आलेख नासवते.