अनुभव धागा: स्टीलच्या पॅनला तुमचं काय काय चिकटलंय?

गोदाकाठचा
काल रात्री साडेदहाला लेकीचा मँचेस्टरहून व्हिडिओ कॉल. "बाबा, निघतच नाहीये!" फोन खाली वळवला तर स्टीलच्या पॅनमध्ये स्टेक (मांसाचा जाड काप), आणि बाईसाहेब उलथण्यानं त्याच्याशी कुस्ती खेळतायत. मला हसूच फुटलं. २००८ साली स्टुटगार्टला मी हेच केलं होतं.

सातपूरच्या कंपनीनं सहा महिन्यांसाठी पाठवलेलं. खोलीत भांडं एकच, जाड बुडाचा स्टीलचा पॅन. घरी आयुष्यात फक्त चहा केलेला. शनिवारी संध्याकाळी दोन स्टेक आणून ठेवले (रविवारी तिकडे दुकानं बंद), त्यातला एक फ्रिजमधून काढून तसाच ओला टाकला आणि दर दहा सेकंदांनी उलटायला बघतोय. अर्धा पॅनला, अर्धा उलथण्याला. धुराचा अलार्म कोकलायला लागला तशा शेजारच्या आजी आल्या. मला जर्मन येईना, त्यांना इंग्रजी. खिडकी उघडली, पॅन घासून घेतला, दुसरा स्टेक कागदानं टिपून टिपून कोरडा केला. रिकामा पॅन तापवला, पाण्याचा थेंब टाकला. चुर्र होऊन गेला. जरा वेळानं परत टाकला तर पाऱ्यासारखा पळायला लागला! मग तेल, मग मांस. मी उलथणं उचललं तर हातावर चापटी. "वार्टेन!" म्हणजे थांब. तीनेक मिनिटांनी मांस आपणहून सुटलं, खालून मस्त खरपूस.

अजूनही मी कुकरजवळ घुटमळलो की बायको "वार्टेन" म्हणते.

तुमचे किस्से येऊ द्या. स्टेकच पाहिजे असं काही नाही.

सिडकोची_सून
डोसा. विषय संपला.

तर्रीवाला
श्रावण सोमवारी असला धागा??

गोदाकाठचा
लेकीला कालनिर्णय पाठवायचं राहिलं हो.

तर्रीवाला
😂 चालू द्या. मी वाचतोय फक्त. वाचल्यानं उपास मोडत नाही.

अश्विनी_इंदिरानगर
माझी सुरमई. लग्नानंतर पहिल्यांदा, सासूबाई मालवणच्या, म्हणजे परीक्षाच. मी पंचवटीतली, आमच्या घरात अंडंसुद्धा जिन्यात खायचे. हौसेनं नवीन स्टीलच्या पॅनमध्ये चार तुकड्या टाकल्या, मसाला पॅनलाच राहिला आणि मासा नागडा वर आला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या "भुर्जी बरी झालीय". तेरा वर्षं झाली, अजून प्रत्येक लग्नात ही गोष्ट निघते. कुकर लागलाय, बाकी नंतर लिहिते.

टूलरूम_सातपूर
चिकटतं कारण आपण घाई करतो आणि स्टेनलेस मुळात उष्णता वाहून न्यायला मठ्ठ. तांब्याचा आकडा ४०० च्या आसपास, ॲल्युमिनियमचा २३५, आपल्या ३०४ स्टेनलेसचा (भांड्यांचं नेहमीचं स्टील) जेमतेम १६. म्हणून पातळ पॅनमध्ये ज्वाळेवर करपतं आणि कडेला कच्चं राहतं. ट्रायप्लायमध्ये दोन स्टीलच्या मध्ये ॲल्युमिनियम भरतात ते यासाठीच. आजींचा थेंब म्हणजे लायडेनफ्रॉस्ट, थेंबाखाली वाफेची गादी होते. पण थेंब पळेपर्यंत पॅन २०० अंशांच्या घरात गेलेला असतो, तेव्हा गॅस बारीक करा, मग तेल. नाहीतर तेल घातल्या घातल्या धूर. लोणी सुरुवातीला नकोच, करपतं. रिफाइंड शेंगदाणा तेल चालतं.
शिफ्टवर आहे, शुद्धलेखन माफ.

सिडकोची_सून
दादा एवढं बारावीला कोणी शिकवलं असतं तर मी पण इंजिनीअर असते. पण डोसा?

कॅम्पवाला
देवळालीत आम्ही म्हशीचा अंडरकट (पाठीकडचं मऊ मांस) आणतो. २०१५ पासून राज्यात गाय, बैल, वळू सगळं बंद, त्यामुळे स्टेक म्हटलं की म्हैसच. दीड इंच जाड कापून घ्यायचा, पातळ काप घेतलात तर रंग येईपर्यंत आत चामडं. मीठ एकतर पाऊण तास आधी, नाहीतर पॅनमध्ये टाकताना. मधेच, म्हणजे दहा मिनिटं आधी लावलं की पाणी सुटून वर बसतं आणि मग तो भाजत नाही, उकडतो. दोन्ही बाजू तीन-चार मिनिटं, चिमट्यानं उभा धरून कडा, आत ५५ अंश झालं की खाली. पाच मिनिटं ताटात पडू द्या, लगेच कापलात तर सगळा रस ताटात. मम्मी यातलं काही मोजायची नाही, बोटानं दाबून सांगायची. मला थर्मामीटर लागतो, काय करणार.

अश्विनी_इंदिरानगर
आले. काका, माझा पॅन आता इंद्रधनुष्य झालाय, निळा-जांभळा. फेकू का?

टूलरूम_सातपूर
अजिबात नाही. जास्त तापला की वरचा ऑक्साइडचा थर जाड होतो, तो रंग. व्हिनेगर फिरवा, जातो. पांढरे डाग क्षारांचे, त्यांनाही तेच.

नाशिकरोडकर
माझ्या बायकोनं लाल पॅन (म्हणजे तापून लाल व्हायचा बाकी होता) थेट नळाखाली धरला. ठण्ण आवाज! बूड फुगलं. आता शेगडीवर भोवऱ्यासारखा फिरतो. मी काही बोललो नाही. बोलणार पण नाही, ती हा धागा वाचते.

नाशिकरोडकरीण
वाचतेय.

द्राक्षबाग_दिंडोरी
पॅनला खाली जे बदामी चिकटतं ते घासू नका रे बाबांनो! दुधाच्या पातेल्याची खरवड आठवते ना, त्यासाठी आम्ही भावंडं मारामाऱ्या करायचो. ही मांसाची खरवड. मांस काढून घ्यायचं, जास्तीचं तेल ओतायचं, अर्धी वाटी पाणी किंवा रेड वाइन, लाकडी चमच्यानं खरवडायचं, शेवटी लोणी. तोच सॉस. मटणाच्या चापांनाही करतो. फक्त वाइन घालताना गॅस बंद करा. मी मोठ्या ज्वाळेवर ओतली, भपकन पेटली, उजवी भुवई गेली. दुसऱ्या दिवशी साखरपुडा होता. चुलत भावाचा, माझा नाही, नशीब. फोटोत वहिनीच्या काजळ पेन्सिलीनं काढलेली भुवई आहे.

तर्रीवाला
फोटो टाका.

द्राक्षबाग_दिंडोरी
नाही.

अश्विनी_इंदिरानगर
ट्रायप्लाय पॅन आपल्या भांडीबाजारात मिळेल का? की ऑनलाइनच?

नाशिकरोडकर
विचारून बघा. पण तिथे शिरलात की पितळी पातेलं घेऊन बाहेर याल आणि मग कल्हईवाला शोधत फिराल. स्वानुभव.

गोदाकाठचा
लेकीचा आत्ता फोटो आला. काहीही चिकटलं नाही, रंग एकदम आजींसारखा. मीठ मात्र घालायचं विसरली.

सिडकोची_सून
अभिनंदन. आता डोशाचं कोणी सांगणार आहे का?

कॅम्पवाला
ताई, बिडाचा तवा घ्या.