पिल्लं देण्याआधी

जिन्याखाली टाकून दिलेली मांजरीची चारही पिल्लं तुमच्या घरानं मिळून गाईच्या दुधावर जगवलीत आणि आता त्यांना चांगल्या घरी द्यायचं म्हणताय, हे तुमच्या पत्रात वाचून फार बरं वाटलं. गाईचं दूध मात्र आजच बंद करा. ते त्यांना पचत नाही, जुलाब लागतात आणि एवढासा जीव बघता बघता सुकतो. पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते, ती आणा. पाजताना पिल्लू पोटावरच हवं. उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जाऊ शकतं. अंग गार लागलं तर आधी ऊब, मग दूध. आणि पाजून झालं की कोमट ओल्या कापसानं शी-शूची जागा हलकेच पुसा, आई चाटते तसं. अगदी लहान पिल्लांना त्याशिवाय होतच नाही.

घरं शोधा, पण द्यायची घाई नको. निदान 8 आठवडे भावंडांत राहू द्या, किती जोरात चावायचं हे ती एकमेकांकडूनच शिकतात. आमच्याकडची पिल्लं आम्ही जोडीनं दिली, तीही खिडक्यांना जाळी आहे हे स्वतः जाऊन बघून. उंच इमारतीत राहणाऱ्यांना हे विचारायला मुळीच संकोचू नका. नसबंदीचंही आधीच कबूल करून घ्या. मादी 5 महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते.