हयातीचा दाखला आणि गोष्टीतला कारकून

ओसरीवरून
एक कथा लिहीत आहे. निवृत्तिवेतन घेणारे एक गृहस्थ नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जातात, तेव्हा खिडकीमागचा कारकून नम्रपणे म्हणतो, "आपण आज हयात आहात याबद्दल वाद नाही, परंतु गेल्या वर्षीचा दाखला दप्तरात नसल्यामुळे गेल्या वर्षी आपण हयात होता असे मला लिहिता येत नाही." विनोद जुनाच आहे, हे मान्य. पण यापुढे गोष्ट निव्वळ तक्रारअर्ज होते. तिला विचाराकडे कसे वळवावे?

पूर्वपक्ष
कारकुनाला आपण मूर्ख ठरवले असावे. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द (विश्वसनीय वचन) अशी चार प्रमाणे, म्हणजे खरे ज्ञान मिळवण्याची साधने, मानली, तर चार्वाकाने केवळ प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांना जाणवते तेवढेच, मानले. आपले गृहस्थ चार्वाक आहेत, कारण 'हा मी समोर उभा आहे' यापलीकडे त्यांच्याजवळ पुरावा नाही. कारकून मात्र पक्का मीमांसक, कारण मीमांसकांच्या वेदांसारखे त्याचे दप्तर अपौरुषेय, म्हणजे कोणा माणसाने न रचलेले, आहे आणि त्यातली नोंद कोणी केली हे कचेरीत कोणालाच ठाऊक नसते. (केंद्र सरकारने २०१४ साली आणलेल्या डिजिटल दाखल्याचे नावच मुळी 'जीवन प्रमाण' आहे.) हा वाद बरोबरीचा होऊ द्या.

निवृत्त रोखपाल
मी असे दाखले पुष्कळ वर्षे घेतले. भांडणारे थोडे असत. उतारवयात बोटांच्या रेषा झिजतात, यंत्र अंगठा नाकारते, आणि समोरचा माणूस चूक आपलीच असल्यासारखा खजील होऊन अंगठा धोतराला पुसतो व पुन्हा ठेवतो. अतिशयोक्तीची भीती मात्र बाळगू नका. आझमगढचे लाल बिहारी महसुली दप्तरात मृत ठरले होते. १९९४ साली कागदोपत्री पुन्हा जिवंत होण्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या नावाला 'मृतक' जोडले आणि १९८९ मध्ये अमेठीत राजीव गांधींविरुद्ध निवडणूकही लढवली.

ओसरीवरून
तो पुसलेला अंगठा मी घेतला. आता गृहस्थ भांडत नाहीत. बाकावर बसून, आपण गेल्या वर्षी होतो हे स्वतःला तरी पटावे म्हणून तेव्हाचा एखादा दिवस आठवू पाहतात. दूधवाला दोन दिवस आला नव्हता, एवढेच आठवते. कारकून ते गंभीरपणे लिहून घेतो, त्या दोन दिवसांपुरती हयात मंजूर करतो आणि उरलेल्या ३६३ दिवसांसाठी वेगळा अर्ज पुढे सरकवतो.