आरपीएमचे डेब करताना अवलंबित्वे का गळतात?

प्रश्न: छापखान्याच्या एका जुन्या सॉफ्टवेअरचे फक्त आरपीएम (रेड हॅट, फेडोरा या लिनक्सांचे) पॅकेज मिळते. डेबियन लिनक्सवर एलियन या पॅकेज बदलणाऱ्या प्रोग्रामने त्याचे डेब (डेबियनचे पॅकेज) केले, इन्स्टॉलही झाले. पण चालवले की शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती कोडची फाइल) सापडत नाही म्हणते. शिवाय पॅकेजचा रिलीज क्रमांक १ चा २ कसा झाला?

उत्तर १: दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे रिलीजचे, उत्तर सोपे. एलियन मुद्दाम रिलीज एकाने वाढवतो. मूळ आकडा हवा तर ‘--कीप-व्हर्जन’ द्या. लायब्ररीचे कारण बहुधा जागा. फेडोरा परिवारात ६४-बिट लायब्ररी ‘यूएसआर’मधल्या ‘लिब६४’ फोल्डरात जातात, डेबियन त्या ‘लिब’खालच्या आर्किटेक्चरच्या नावाच्या फोल्डरात शोधतो. आधी प्रोग्रामवर ‘एलडीडी’ (लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी आज्ञा) चालवून ‘नॉट फाउंड’ ओळी पाहा. फाइल लिब६४ मध्ये असेल तर तो मार्ग ‘एलडी.एसओ.कॉन्फ.डी’ या लायब्ररी शोधण्याच्या जागांच्या फोल्डरात नव्या फाइलीत लिहा आणि ती यादी ताजी करणारे ‘एलडीकॉन्फिग’ चालवा. फाइल कुठेच नसेल तर ती ज्या डेबियन पॅकेजात आहे ते बसवा. आरपीएममधली अवलंबित्वांची (लागणाऱ्या इतर पॅकेजांची) नावे डेबियनच्या नावांशी जुळत नाहीत, म्हणून एलियन ती उतरवत नाही.

उत्तर २: एलियनला ‘--स्क्रिप्ट्स’ दिले नाही तर इन्स्टॉलनंतरच्या स्क्रिप्ट वगळल्या जातात. द्यायच्या आधी ‘आरपीएम -क्यूपी --स्क्रिप्ट्स’ने वाचाच, त्यात ‘चेककॉन्फिग’सारखी (सेवा चालू-बंद ठरवणारी) रेड हॅटची आज्ञा असेल तर डेबियनवर अडेल. नुसत्या फाइली हव्या असतील तर ‘आरपीएम२सीपीआयओ’चे आउटपुट पाइपने ‘सीपीआयओ -आयडीएमव्ही’ला (फाइली बाहेर काढणाऱ्या आज्ञेला) जोडा, रूपांतराची गरजच नाही. आणि कृपया ग्लिबसी (मूळ सी लायब्ररी) किंवा इनिट (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) यांसारखी पायाभूत पॅकेजे कधीही असे बदलून बसवू नका, मशीन सुरूच होणार नाही.